'गोपनीय' नावाचा कॉलम केला म्हणून नोंद गोपनीय होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या बाजूला एक कारखाना, माणसं साडेतीनशेच्या आसपास. एचआरने शेअरपॉइंटवर (कंपनीच्या आतल्या साइट आणि याद्या ठेवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) 'कर्मचारी तक्रार नोंद' अशी एक लिस्ट, म्हणजे ओळी-कॉलमचा तक्ता, केली आहे. कॅन्टीनचं जेवण, बसचा थांबा, ओव्हरटाइमचा हिशेब, सुपरवायझरची शिवीगाळ, सगळं तिथेच येतं. लिस्टमध्ये 'गोपनीय : हो / नाही' असा कॉलम आहे. 'हो' असलेल्या नोंदी फक्त एचआर, तक्रारदार आणि ज्याच्याकडे चौकशी दिली आहे त्याला दिसाव्यात, बाकीच्यांना नाही, असं हवं आहे. सध्या व्ह्यूला, म्हणजे लिस्ट पडद्यावर ज्या मांडणीत दिसते तिला, फिल्टर लावून त्या नोंदी वगळल्या आहेत. एवढं पुरेल का?

नाही पुरणार. आणि हे आजच बदला, कारण या घडीला त्या नोंदी लिस्ट वाचू शकणाऱ्या प्रत्येकाला उघड्या आहेत. फक्त त्यांच्या नजरेसमोर नाहीत, एवढंच.

खात्री करून घ्यायची तर एखाद्या सुपरवायझरच्या शेजारी बसून त्याच्याच लॉगिनने कुठलीही साधी नोंद उघडा. वर पत्त्याच्या पट्टीत नोंदीचा क्रमांक असतो. २१२ च्या जागी २१३ टाका. पुढची नोंद उघडते, मग ती गोपनीय असो वा नसो. किंवा साइटच्या सर्चमध्ये 'छळ', 'शिवी', 'पगार' असा शब्द टाका. सर्च परमिशन बघतो, तुमचा व्ह्यू बघत नाही. ज्याला नोंदी भरण्याची परमिशन आहे तो स्वतःचा खासगी व्ह्यूही करू शकतो, त्यात तुमचा फिल्टर नसतो. फॉर्ममधून कॉलम लपवला तरी तोच प्रकार. शेअरपॉइंटमध्ये कॉलमला वेगळी परमिशन देण्याची सोयच नाही. नोंद दिसली की तिचे सगळे कॉलम मिळतात.

(गुगल शीट वापरणाऱ्यांनी हसू नये. लपवलेलं पान किंवा 'प्रोटेक्ट' केलेल्या ओळी म्हणजे सुरक्षा नव्हे, हे गुगलच सांगतं. शीट बघू शकणारा माणूस बहुतेक वेळा तिची प्रत करून घेतो आणि प्रतीत सगळं उघडतो. 'इम्पोर्टरेंज' या, एका शीटमधला मजकूर दुसऱ्या शीटमध्ये आणणाऱ्या सूत्राला एकदा परवानगी दिली की त्या दुसऱ्या शीटचा कुठलाही एडिटर मूळ शीटमधला हवा तो भाग ओढू शकतो.)

मग पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो म्हणजे लिस्ट सेटिंग्जमध्ये, ॲडव्हान्स्डच्या पानावर असलेली 'आयटम-लेव्हल परमिशन्स' ही निवड. वाचायला 'फक्त स्वतः केलेल्या नोंदी', बदलायला 'फक्त स्वतः केलेल्या नोंदी'. दोन टिचक्या आणि काम झालं, असं वाटतं. सोय चांगली आहे, मी ती वापरतो. पण तुमच्याकडे ती दोन ठिकाणी अडेल.

पहिलं म्हणजे 'स्वतः केलेली' हे शेअरपॉइंट 'क्रिएटेड बाय' या कॉलमवरून ठरवतं. तुमच्या शॉप फ्लोअरवरच्या ऑपरेटरकडे कंपनीचं ईमेल खातं आहे का? बहुतेक कारखान्यांत नसतं. तक्रार तोंडी येते आणि एचआरमधलं कुणीतरी ती टाइप करतं, किंवा भिंतीवरच्या क्यूआर कोडवरून फॉर्म भरला जातो आणि फ्लो, म्हणजे ठरवलेली कामं आपोआप करणारी साखळी, ती लिस्टमध्ये टाकतो. मग 'क्रिएटेड बाय' म्हणजे एचआरची क्लार्क, नाहीतर फ्लोचं खातं. तक्रारदार कुठेच नाही. चौकशी अधिकाऱ्याचीही तीच गत. नोंद त्याने केलेली नाही, म्हणून त्याला ती दिसणार नाही. 'ज्याच्याकडे काम दिलं त्याला दाखव' असं या सेटिंगला सांगताच येत नाही.

दुसरं अडतं परमिशनच्या पातळीपाशी. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये टीम केली की तिच्या मागे जी साइट आपोआप तयार होते, तिच्यात टीमच्या प्रत्येक मेंबरला 'एडिट' पातळी मिळते. 'एडिट' हे नाव ऐकून वाटतं की नोंदी बदलता येतील, बस. प्रत्यक्षात त्या पातळीत लिस्ट सांभाळण्याचा, म्हणजे कॉलम बदलण्याचा, सेटिंग बदलण्याचा, अख्खी लिस्ट काढून टाकण्याचा अधिकार येतो. तुम्ही लावलेलं सेटिंग तो माणूस जाऊन परत 'सगळ्या नोंदी'वर आणू शकतो. म्हणून हे सेटिंग वापरायचं असेल तर आधी त्या लिस्टचं इनहेरिटन्स, म्हणजे वरून साइटची परमिशन आपोआप मिळणं, तोडून लोकांना 'कॉन्ट्रिब्यूट'वर, म्हणजे फक्त नोंदींपुरत्या पातळीवर आणा. नाहीतर कडी लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखं होतं.

दुसरा मार्ग, आणि ज्याबद्दल खरं तर तुम्ही विचारताय, तो म्हणजे नोंदीगणिक परमिशन. नोंद आली, 'गोपनीय'ला 'हो' आहे असं दिसलं, की पॉवर ऑटोमेटचा (मायक्रोसॉफ्टचं फ्लो बनवण्याचं साधन) फ्लो त्या एका नोंदीचं इनहेरिटन्स तोडतो, सगळ्यांना बाहेर काढतो आणि मोजक्या लोकांना आत घेतो. तयार ॲक्शन आहेत, 'स्टॉप शेअरिंग' आणि 'ग्रँट ॲक्सेस' अशा नावांच्या, पण माझा भर शेअरपॉइंटला थेट एचटीटीपी विनंती (वेबवरून जाणारा आदेश) पाठवण्यावर असतो, कारण तिथे काय तुटलं आणि काय राहिलं हे नेमकं हातात राहतं. इनहेरिटन्स तोडणाऱ्या 'ब्रेकरोलइनहेरिटन्स' या आदेशाला जुन्या परमिशनची प्रत करू नकोस असं सांगायचं, मग एकेका गटाला पातळी द्यायची. वाचण्याच्या पातळीचा क्रमांक १०७३७४१८२६, कॉन्ट्रिब्यूटचा १०७३७४१८२७. हे आकडे कायम तेच असतात, त्यामुळे वहीत लिहून ठेवले तरी चालतील. एक लक्षात ठेवा. असं तोडताना ज्या खात्याने तोडलं त्याला त्या नोंदीवर पूर्ण ताबा मिळतो. फ्लो कुणाच्या नावाने चालतो, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत मी हेच बसवलं होतं आणि त्यावर खूश होतो. फ्लो ज्या सहकाऱ्याच्या खात्यावर चालत होता त्याने नोकरी सोडली, आयटीने नियमाप्रमाणे खातं बंद केलं, फ्लो थांबला. लिस्टमध्ये काहीच वेगळं दिसलं नाही. तक्रारी येत राहिल्या, 'गोपनीय : हो' लागत राहिलं, आणि अकरा दिवस प्रत्येक नोंद सगळ्यांना उघडी होती. फ्लो बंद पडल्याची सूचना गेली ती त्याच बंद झालेल्या मेलवर. बाराव्या दिवशी ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्या गृहस्थांनीच फोन करून विचारलं, "माझ्याबद्दल हे काय लिहिलंय?"

त्या फोननंतर मी रचना उलटी केली. आधी उघडं आणि मग फ्लो येऊन बंद करणार, असं कधीच ठेवायचं नाही. मुळात बंद ठेवायचं आणि फ्लोने उघडायचं. फ्लो पडला तर चौकशी अधिकाऱ्याला नोंद दिसत नाही, तो चिडून फोन करतो, बिघाड तासाभरात कळतो. उलट बाजूने पडला तर कुणीच फोन करत नाही, कारण ज्याला जास्त दिसतंय तो तक्रार कशाला करेल? शिवाय फ्लो चालू असतानाही नोंद येणं आणि फ्लो जागा होणं यात काही मिनिटं जातात. तेवढ्यात ज्याने त्या लिस्टवर नोटिफिकेशन लावलंय त्याच्या फोनवर शीर्षक पोहोचलेलं असतं.

मर्यादाही आहेत. एका लिस्टमध्ये वेगळ्या परमिशनच्या नोंदी जास्तीत जास्त ५०,००० चालतात, पण मायक्रोसॉफ्टचाच सल्ला ५,००० च्या आत राहण्याचा आहे. तुमच्या आकाराच्या कारखान्याला तिथे पोहोचायला वर्षं लागतील, तरी नोंदी जसजशा वाढतात तशी लिस्ट जड होते हे मी पाहिलंय. त्याहून मोठा त्रास सांभाळण्याचा आहे. दोनशे नोंदींवर दोनशे वेगवेगळ्या परमिशन झाल्या की 'अमुक माणसाला नेमकं काय काय दिसतं?' याचं उत्तर कुणाकडेच नसतं. चौकशी एकाकडून दुसऱ्याकडे गेली की नव्याला आत घेणारी पायरी सगळे लिहितात. जुन्याला बाहेर काढणारी पायरी दहापैकी आठ फ्लोमध्ये मला सापडत नाही.

सगळ्या गोपनीय नोंदी बघणारी माणसं तीच असतील, तर लिस्टमध्ये फोल्डर चालू करून एकच 'बंद' फोल्डर करा आणि परमिशन फक्त त्या फोल्डरची तोडा. आत पडणारी प्रत्येक नोंद त्याची परमिशन घेते, एका जागी सांभाळता येतं. फ्लोमधून नोंद टाकताना फोल्डर सांगता येतो. फॉर्ममधून थेट भरलेली नोंद मात्र बाहेर, मुळाशी पडते, हे विसरू नका.

पण तुम्ही मला विचारत असाल तर मी यातलं काहीच करणार नाही.

माझे वडील जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळायचे. सकाळी टपाल आलं की प्रत्येक पत्र फोडून नोंदवहीत ओळ पडायची : क्रमांक, तारीख, कुणाकडून, विषय, कुठल्या टेबलाकडे. 'गोपनीय' शेऱ्याचं पाकीट मात्र ते फोडत नसत. वहीत ओळ तशीच पडायची, पण विषयाच्या रकान्यात 'बंद लिफाफा' एवढंच. पाकीट ज्याच्या नावाचं त्याच्या हातात, सहीनिशी. वही सगळ्या कार्यालयाला उघडी होती, कुणीही येऊन चाळावी. तिच्यात गुपित नव्हतंच, मग लपवायचं काय? गुपित साहेबांच्या कपाटात होतं आणि वहीतला क्रमांक तेवढा त्याच्याकडे बोट दाखवत होता.

तुमच्या लिस्टचं हेच करा. 'कर्मचारी तक्रार नोंद' ही वही राहू दे, सगळ्यांना दिसणारी. तिच्यात गोपनीय तक्रारीची ओळ असेल : क्रमांक, तारीख, स्थिती, शीर्षकाच्या जागी 'बंद नोंद'. विभागाचं नावसुद्धा नको, कारण पाच माणसांच्या विभागात नाव न लिहिताही नाव कळतं. मजकूर, नावं, कागद हे सगळं दुसऱ्या लिस्टमध्ये, आणि ती लिस्ट दुसऱ्या साइटवर. दोन्हीकडे क्रमांक एकच. महिन्याला किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या हे प्लांट हेडला पहिल्या लिस्टवरून मिळतं आणि त्याला दुसरीची गरज पडत नाही.

दुसरी साइट कशाला, त्याच साइटवर दुसरी लिस्ट का नको, हा प्रश्न हमखास येतो. कारण साइटचा ॲडमिन. तुम्ही नोंदीचं इनहेरिटन्स कितीही तोडा, साइट ॲडमिनला सगळं दिसतं, त्याला वगळता येतच नाही. आणि टीम्सच्या मागच्या साइटवर टीमचे सगळे ओनर साइट ॲडमिन होतात. तुमच्या टीमचे ओनर कोण आहेत ते आजच बघा. मी पाहिलेल्या बहुतेक कारखान्यांत तिथे प्रॉडक्शनचा एखादा मॅनेजर असतोच, कारण चार वर्षांपूर्वी मीटिंगसाठी ती टीम त्याने केलेली असते. त्याच्याविरुद्धची तक्रार तुम्ही त्याच्याच घरात कुलूप लावून ठेवताय. नवी साइट करा, टीमशी न जोडलेली. ॲडमिन दोनच, एक एचआर प्रमुख आणि एक आयटीतला, दोघांचीही नावं लेखी मंजुरीनिशी. साइटच्या शेअरिंग सेटिंगमध्ये 'फक्त ओनर शेअर करू शकतात' हे निवडा, नाहीतर आत आलेला कुणीही 'कॉपी लिंक' करून चौथ्याला पाठवू शकतो. परमिशन नेहमी गटाला द्या, माणसाला नाही. माणसं बदलतात, आणि सुटलेल्या माणसाला दोनशे ठिकाणांहून काढण्यापेक्षा एका गटातून काढणं कुणालाही जमतं. त्यासाठी चौकशी अधिकाऱ्यांचा गट केलात तर सगळ्या अधिकाऱ्यांना सगळ्या नोंदी दिसतील. ते चालणार नसेल तर नोंदीगणिक परमिशन इथे, या छोट्या आणि मुळात बंद लिस्टवर वापरा. इथे ती शोभते.

तक्रारदाराला नोंद दाखवायचीच का, यावर मी वेगळं मत देतो. नको. चौकशी अधिकाऱ्याची टिपणं त्याच नोंदीत असतात आणि साक्षीदारांची नावंही. तक्रारदाराला क्रमांक आणि स्थिती कळावी, ती वहीत आहे. बाकी त्याला समोर बसवून सांगा.

आता एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, पण तुमच्या लिस्टमध्ये नक्की असणार. लैंगिक छळाची तक्रार या दोन्हींपैकी कुठल्याही लिस्टमध्ये, बंद असो वा उघडी, अजिबात ठेवू नका. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायला हवी, आणि त्याच कायद्याचं कलम १६ तक्रारीचा मजकूर, तक्रारदार महिला, ज्याच्यावर आरोप आहे तो, साक्षीदार, चौकशीचं कामकाज, यातलं काहीही बाहेर जाऊ देत नाही. एचआर प्रमुख समितीवर नसेल तर त्यालाही ते दिसता कामा नये. हे एचआरला पचायला जड जातं, मला माहीत आहे. समितीची स्वतंत्र साइट हवी आणि तिच्या गटात समितीचे सदस्य, बस. समितीत एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा असतो आणि त्याच्याकडे कंपनीचं खातं नसतं. मग काय होतं? कुणीतरी सगळे कागद पीडीएफ करून त्याच्या खासगी जीमेलवर पाठवतं आणि तुमच्या साइटची सगळी मेहनत पाण्यात जाते. आयटीकडून त्या सदस्याला रीतसर गेस्ट खातं आणि त्या एका साइटवर गेस्टची परवानगी, हे आधीच करून ठेवा. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. खात्यासाठी आयटीला मेल-मेल खेळण्यात त्यातले पंधरा घालवू नका.

बाकी गळती कुठून होते ते सांगतो, कारण परमिशन नीट लावूनही मी ती पाहिली आहे. सगळ्यात जास्त ईमेलच्या विषयातून. 'नवी तक्रार : अमुक यांच्याविरुद्ध अमुक' असा मेल फ्लो दहा जणांना पाठवतो आणि फोनच्या लॉक स्क्रीनवर तो वाचता येतो. विषयात फक्त क्रमांक टाका, मजकुरात फक्त लिंक. मग व्हर्जन हिस्ट्री. चुकून नाव लिहिलं आणि नंतर पुसलं, तरी जुनी आवृत्ती वाचण्याची परमिशन असलेल्या कुणालाही दिसते, त्यामुळे पुसल्यावर ती आवृत्तीही काढा. फ्लोच्या रन हिस्ट्रीत (फ्लो कधी आणि कसा चालला याची नोंद) प्रत्येक पायरीचा मजकूर २८ दिवस पडून असतो आणि फ्लोचा प्रत्येक सहमालक तो वाचू शकतो. संवेदनशील पायऱ्यांवर 'सिक्युअर इनपुट्स' आणि 'सिक्युअर आउटपुट्स' चालू करा, मग तो मजकूर तिथे दिसत नाही. आणि एक्सेल. मासिक मीटिंगला कुणीतरी 'एक्स्पोर्ट' करतं आणि ती फाइल डेस्कटॉपवर वर्षभर राहते. त्यावर शेअरपॉइंटची सत्ता चालत नाही, तिथे तुम्हाला माणसांशीच बोलावं लागेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा मीटिंगमध्ये एकदा मोठ्याने वाचून दाखवा, एक्स्पोर्ट कमी होतील.

राहिल्या जुन्या नोंदी. त्यांच्यावर फ्लो फिरवून परमिशन तोडत बसू नका. 'गोपनीय : हो' असलेल्या नोंदी नव्या साइटवर हलवा, अटॅचमेंटसकट, आणि जुन्या जागी त्याच तक्रार क्रमांकाची नवी 'बंद नोंद' ओळ टाका. आहे तीच ओळ खोडून वापरू नका, तिच्या जुन्या आवृत्त्यांत सगळं उरतं. मूळ नोंद काढून टाकली की ती रिसायकल बिनमध्ये जाते आणि ९३ दिवस तिथे असते. म्हणून पहिल्या बिनमधून आणि मग दुसऱ्या टप्प्यातूनही काढा. दुसऱ्या टप्प्यासाठी साइट ॲडमिन लागतो, आणि तो कोण आहे हे तुम्ही वर बघितलेलंच असेल. तो प्रॉडक्शनचा मॅनेजर निघाला तर आधी त्याला ओनरच्या यादीतून काढा, मग नोंदी हलवा. क्रम उलटा झाला तर ज्या नोंदी लपवायच्या त्या त्याच्या बिनमध्ये नीट रचून ठेवल्यासारख्या होतील.

सगळं झालं की पुन्हा त्या सुपरवायझरच्या शेजारी बसा आणि २१२ चं २१३ करून बघा.